माकडांच्या दप्तरी चीफसाहेबांची नोंद

प्राणी बोलतात की नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे आणि तो त्यांनी सावकाश सोडवावा. ते आपल्याविषयी काय बोलतात हा प्रश्न मात्र अब्रूचा आहे, आणि अब्रूच्या प्रश्नाला कोणत्याही सुव्यवस्थित गावात थांबायला सवड नसते. इलिकुनी हे अत्यंत सुव्यवस्थित गाव असल्यामुळे तिथं हा प्रश्न एका हंगामातच ऐरणीवर आला.

तो ऐरणीवर आणण्यात कालुंडेचा काही हात नव्हता. ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, नदीकाठच्या उंबराखाली बसून वही भरत होती. नैरोबीच्या डॉक्टर अवुओरबाईंनी तिला तीन वर्षांपूर्वी या कामावर नेमलं. गावातल्या आठवी पास बायकांत तिचं अक्षर सर्वांत सरळ होतं हे एक कारण, आणि टुंबिली माकडं बायकांना अजिबात भीत नाहीत हे दुसरं. (गोफण घेतलेला पुरुष दिसला की माकडं पळतात. गोफण घेतलेली बाई दिसली की ती थोडी सरकून बसतात. याला शास्त्रात निरीक्षण म्हणतात आणि घरात संसार.)

वहीला चार रकाने होते. कोणता आवाज झाला, कोण आलं होतं आणि ऐकून बाकीच्यांनी काय केलं, हे तीन कालुंडेनं भरायचे. चौथा रकाना ‘अर्थ’ असा होता आणि तो डॉक्टरबाईंसाठी राखीव होता, कारण अर्थ लावायला पदवी लागते. याशिवाय नियम होते बारा. त्यातला सातवा नियम असा की, निरीक्षण चालू असताना माकडांना हुसकावू नये, खाऊ घालू नये आणि नावानं हाका मारू नयेत. कालुंडेचं तुरीचं शेत उंबराला अगदी लागून होतं, त्यामुळे सातवा नियम तिच्या चांगलाच ध्यानात राहिला होता.

तीन वर्षांत जे हाती लागलं ते कुठल्याही खात्याला अभिमान वाटावा असं होतं. बिबट्या दिसला की एक माकड खरखरीत भुंकतं आणि बाकीची शेंड्यावरच्या बारीक फांद्या गाठतात. गरुड दिसला की दोन टप्प्यांचा खोकला होतो आणि सगळी झुडपात घुसतात. अजगरासाठी चटचट असा आवाज असतो. तो ऐकून सगळी मागच्या पायांवर उभी राहून गवतात डोकावतात, लग्नाच्या पंगतीत पुढचं वाढप कुठवर आलंय ते बघतात तशी. यात विशेष असं की ऐकणारा बिबट्या खरंच आलाय का हे बघत बसत नाही. शब्द कानावर पडला की पाय आधी उचलतो. डॉक्टरबाईंच्या मते माणसाच्या बोलण्यात आणि यात फार थोडं अंतर आहे. ते नेमकं किती, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

हे वहीत राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण कालुंडेची शेजारीण कामेने हिनं एका रविवारी ती वही चाळली आणि तिला शोध लागला की माकडं हेच आवाज गावातल्या पुरुषांसाठीसुद्धा वापरतात. चर्च सुटायच्या आत ही बातमी शेवटच्या बाकापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवसापासून उंबराखाली प्रतिष्ठित नागरिकांची वर्दळ सुरू झाली. जो तो सहज आल्यासारखा यायचा, माकडांसमोरून दोनदा जायचा आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, “माझं काय लिहिलंस?”

महिनाअखेर आकडेवारी पुढीलप्रमाणे होती. नोंद झालेले प्रौढ पुरुष एकशे बारा. बिबट्या दर्जाचे एकोणीस. गरुड दर्जाचे चार (पैकी पाद्रीबाबा सायकलवर फडफडणाऱ्या झग्यामुळे आणि एक जण केवळ छत्रीमुळे). अजगर दर्जाचे सात, ज्यात पाय न वाजवता वर्गात येणारे मुख्याध्यापक होते. उरलेले ब्याऐंशी जण निरंक. निरंक म्हणजे ज्यांना पाहून माकडांनी चघळणंसुद्धा थांबवलं नाही ते.

या वर्गवारीनं गावाला एक प्रकारची शिस्त आली हे मान्य करायलाच हवं. पाणवठ्यावर बिबट्यांच्या बायका आधी हंडे भरू लागल्या. सोयरीक जुळवताना मुलीकडचे लोक देजाच्या शेळ्यांच्या बोलणीला बसण्यापूर्वी मुलाचा दर्जा विचारू लागले. एका निरंक शेळीपाळानं ठिपक्यांचं ब्लँकेट पांघरून नदीकाठी तीन फेऱ्या मारल्या. माकडांनी त्याच्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि उंबरं खाणं चालू ठेवलं. कालुंडेनं तेही लिहून घेतलं, कारण तिनं तीन वर्षांत एक ओळ खोटी लिहिली नव्हती आणि एक गाळली नव्हती. शेळीपाळाची बायको त्याला आजही ‘पांघरूण’ म्हणते.

आता चीफसाहेबांकडे वळू. चीफ मुथोका हे सरकारनं नेमलेले चीफ. खाकी गणवेश, पितळी बटणं, काखेत छडी आणि बुडाखाली मोटरसायकल असा त्यांचा सरंजाम होता. दर मंगळवारी गोरखचिंचेच्या झाडाखाली ते बराझा भरवत. बराझा म्हणजे सभा. तिथं चीफसाहेब बोलत आणि गाव ऐकत असे, म्हणजे विचारविनिमय होत असे. प्रत्येक घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसानं हजर राहायचं असा हुकूम होता. हजर राहत एकवीस-बावीस जण आणि बाकीचे झाडामागच्या सावलीत झोपत, पण शेतात मात्र कुणी थांबत नसे, कारण शेतात थांबलेला माणूस रस्त्यावरून दिसतो.

चीफसाहेबांचं सगळ्यात मोठं शस्त्र त्यांचा शिक्का. तो ते शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळून ठेवत. या शिक्क्याखेरीज इलिकुनीत कुणी जन्मत नसे आणि कुणी मरत नसे. (मागच्या वर्षी एक म्हातारा शिक्क्याअभावी पाच महिने जिवंत राहिला.) आणि नेमका हाच शिक्का कालुंडेला हवा होता.

तिची मुलगी म्बुला हिला मचाकोसच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. गावातल्या कुणाही मुलीला अशी जागा यापूर्वी मिळाली नव्हती. मुलगी याच गावची आहे आणि वागणुकीनं चांगली आहे, असं चीफचं पत्र महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारपर्यंत कॉलेजात पोचायला हवं होतं. नाही पोचलं तर यादीतल्या पुढच्या मुलीला जागा. म्बुलानं आठवडाभर आधीच पेटी भरून दाराशी ठेवली होती. कालुंडे पत्र घेऊन चीफसाहेबांच्या ओट्यावर चार वेळा जाऊन आली. चारही वेळा साहेब आत होते आणि चारही वेळा ते बाहेर गेले होते. पाचव्या वेळी ते ओट्यावरच बसून पेजेसारखी उजी पीत होते, त्यामुळे नाइलाज झाला.

त्यांनी पत्र वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली आणि ते मांडीखाली ठेवलं.

“म्बुलाची आई, तुझ्या त्या वहीत माझं काय लिहिलंय?”

“तुमची नोंद नाही, चीफसाहेब.”

“म्हणजे निरंक?”

“नाही नाही. तुम्ही नदीच्या वाटेनं मंगळवारीच येता. मंगळवारी मी बराझाला असते. तुमचाच हुकूम आहे.”

चीफसाहेबांनी उजीची वाटी खाली ठेवली. नऊ वर्षं गणवेश घातलेल्या माणसाची माकडांच्या दप्तरी नोंद नसावी आणि मुख्याध्यापकाची असावी, हे प्रशासनाच्या दृष्टीनं बरं नव्हतं. त्यांनी जागच्या जागी आदेश काढला. येत्या मंगळवारी कालुंडेला बराझातून सूट. तिनं उंबराखाली बसून नोंद घ्यायची आणि बुधवारी वही घेऊन हजर व्हायचं. पत्राचं त्यानंतर बघू, असं म्हणून त्यांनी ते तिला परत दिलं. ती निघाली तेव्हा ते हळूच म्हणाले, “बिबट्याच असणार म्हणा. पण नियमानं होऊ दे.”

मंगळवारी दहा वाजून पाच मिनिटांनी नदीच्या वळणावर मोटरसायकल दिसली. कालुंडेनं पेन्सिल सरसावली. कळपातली म्हातारी माकडीण उंच फांदीवर बसली होती. तिनं चीफसाहेबांना पाहिलं, पितळी बटणांपासून छडीपर्यंत नीट पाहिलं, आणि भुंकली नाही. खोकलीही नाही. तिच्या गळ्यातून एक मऊ, घोगरा, समाधानी हुंकार निघाला. शेजारच्या झाडावरून तसाच हुंकार आला, मग पलीकडच्या काठावरून. हा हुंकार कालुंडेनं तीन वर्षांत शेकडो वेळा लिहिला होता. झाडं सोडून उघड्यावर उतरायला हरकत नाही, मैदान मोकळं आहे, अशी खात्री पटली की माकडं असा हुंकार देतात.

मोटरसायकल गोरखचिंचेकडे गेली आणि चौतीस माकडं खाली उतरली. पळापळ नाही, आरडाओरडा नाही. म्हातारी पुढे, पोटाला पिल्लं लावलेल्या माद्या मधे, नर मागे, अशी रांगेनं ती कालुंडेच्या तुरीत शिरली. सगळं गाव बराझाला बसलं होतं. सातव्या नियमाला बांधलेली कालुंडे हातभर अंतरावर बसून आपल्याच कोवळ्या शेंगांचा कुरुमकुरुम आवाज ऐकत होती. एकदा तिनं दगड उचलला होता. तो तिनं परत ठेवला आणि नोंद पूर्ण केली: ‘चौतीस प्राणी, पैकी नऊ पिल्लं. दोन तास चाळीस मिनिटं खाल्लं. शेत सही करणारीचंच.’

दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे बराझाची बरोब्बर लांबी. त्या दिवशीचा विषय होता पीकसंरक्षण.

कामेनेनं तिला वेड्यात काढलं. “अगं कालुंडे, बिबट्या लिही आणि मोकळी हो. माकडं काय साक्ष द्यायला येणारेत?” कालुंडेलाही तो मोह झाला. पेटी दाराशी होती आणि पोरगी तिच्यावर बसून नखं खात होती. पण एक ओळ खोटी लिहिली की मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या ओळी संशयात येतात, हे तिला कळत होतं, आणि त्या वहीखेरीज आपलं म्हणावं असं तिनं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. खोटं लिहिलं तर वही जाणार होती आणि खरं सांगितलं तर पोरीची जागा. बुधवारी ती वही घेऊन गेली.

तिनं तीन रकाने जसेच्या तसे वाचून दाखवले.

“पळाली नाहीत?”

“नाही, चीफसाहेब.”

“सगळी आली?”

“सगळी. चौतीस. रांगेनं, पोरांसकट.”

“न बोलावता,” चीफसाहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला. “कालच्या बराझाला माणसं एकवीस होती. चौतीस आली होती आणि मला कुणी सांगितलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “आणि याचा अर्थ?”

कालुंडेला अर्थ माहीत होता. तो तिच्या जिभेच्या टोकावर होता आणि तुरीचे बोडके बुंधे तिच्या डोळ्यांसमोर होते. “अर्थाचा रकाना माझ्याकडे नसतो, साहेब. त्याला मोठं माणूस लागतं,” ती म्हणाली. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, तरी तिला स्वतःची लाज वाटली.

मोठं माणूस समोरच बसलं होतं. चीफसाहेबांनी पेन मागून घेतलं आणि चौथ्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘स्वागत’. खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि त्यावर शिक्का मारला. कालुंडेनं पत्र पुढं केलं. त्यावर मात्र शिक्का शुक्रवारी मिळणार होता. शुक्रवारी खास बराझाला वरचे कमिशनर साहेब येणार होते, आणि मुलगी नर्स होणार हे पत्र त्यांच्यादेखत, टाळ्यांच्या गजरात दिलं तर चीफच्या कामगिरीत शोभून दिसलं असतं.

मधल्या दोन दिवसांत प्रशासन विजेच्या वेगानं हललं. आवाज टिपायला डॉक्टरबाईंनी कालुंडेला दिलेल्या रेकॉर्डरमधून तो हुंकार उतरवून घेण्यात आला. मोटरसायकलला कर्णा बांधण्यात आला. चीफसाहेब गावोगाव हुंकार वाजवत हिंडले आणि शुक्रवारच्या बराझाचं निमंत्रण देत सुटले. बिबट्या दर्जाचे एकोणीस जण रातोरात जुनाट ठरले. ज्याला त्याला आता आपलं स्वागत व्हावंसं वाटू लागलं.

पण हुंकार वाजला की दोन्ही काठांवरची माकडं खाली उतरत. बुधवारी दुपारी ती मुख्याध्यापकांच्या मक्यात उतरली, गुरुवारी सकाळी पाद्रीबाबांच्या चवळीत आणि गुरुवारी दुपारी कामेनेच्या आंब्यांवर. बायकांनी हे तीनदा पाहिलं, चौथ्यांदा पाहायची वाट बघितली नाही. गुरुवारी संध्याकाळी कर्णा वाजला तेव्हा चुलीशी बसलेली कामेने हातातली पळी टाकून शेताकडे धावली. माकडं आली आहेत का, हे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिच्यामागे तिची सासू, सासूमागे गल्ली. दोन दिवसांत गाव एक नवा शब्द शिकलं होतं.

शुक्रवारी अकराच्या सुमारास गोरखचिंचेखाली दोनशेच्या वर माणसं जमली. कमिशनर साहेब खुर्चीत बसले. म्बुला पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, कारण मचाकोसला जाणारी त्या आठवड्यातली शेवटची मटाटू, म्हणजे प्रवासी गाडी, साडेबाराला होती. कालुंडे पहिल्या रांगेत पत्र मांडीवर घेऊन बसली. चीफसाहेब उभे राहिले, गणवेश नीट केला आणि त्यांनी कर्णा चालू करायची खूण केली.

हुंकार झाला आणि दोनशे माणसं उठली. म्हातारे उठले, पोरं कडेवर घेतलेल्या आया उठल्या, झाडामागे झोपलेले झोपेतच धावले. अर्ध्या मिनिटात मैदान रिकामं झालं. धूळ खाली बसली तेव्हा तिथं कमिशनर साहेब, चीफसाहेब, गाडीचा ड्रायव्हर आणि कालुंडे एवढे चौघेच उरले. कालुंडेला आपल्या शेताच्या बाजूनं ओळखीचा कुरुमकुरुम ऐकू येत होता. तिच्या तुरीचा राहिलेला अर्धा भाग होता तो, वर्षाचं खाणं होतं. तिचे पाय आपोआप उचलले गेले होते. तिनं ते हातांनी धरून खाली ठेवले.

“कुठं गेले सगळे?” कमिशनर साहेबांनी विचारलं.

चीफसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी नऊ वर्षांचा अनुभव कामी आला. “शेतावर, साहेब. कामाला.”

कमिशनर साहेब उठून उभे राहिले. ‘कामाला लागा’ हे वाक्य त्यांनी आपल्या सेवेत हजारो वेळा उच्चारलं होतं आणि लोकांनी दरवेळी टाळ्या वाजवल्या होत्या. ज्यावर माणसं खरोखर कामाला लागतात असा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. चीफ मुथोकांची शिफारस वर करायचं त्यांनी तिथंच ठरवलं. मग त्यांची नजर कालुंडेवर गेली.

“बाई, तुम्ही नाही धावलात?”

चीफसाहेब तिच्याकडे बघत होते. एका वाक्यात ती त्यांचा कर्णा, शिफारस आणि गणवेश सगळं उतरवू शकली असती. कडेला पेटी घेतलेली म्बुला दिसत होती.

“माझं शेत खाऊन होतंय, साहेब,” कालुंडे म्हणाली. “ते होईपर्यंत शिक्का मिळाला तर बरं.”

कमिशनर साहेब हसले. ते हसले म्हणून चीफसाहेब हसले. चीफसाहेब हसले म्हणून ड्रायव्हर हसला, जो बोलणं ऐकू येण्याच्या अंतरावर नव्हता. हसता हसता चीफसाहेबांनी रुमाल सोडला आणि शिक्का मारला. म्बुलाला मटाटू मिळाली. कालुंडे शेतावर पोचली तेव्हा माकडं परत उंबरावर जाऊन बसली होती आणि तुरीत उभं राहिलेलं काही नव्हतं. पोरगी गेल्याचा आनंद आणि तूर गेल्याचं दुःख एकदमच आलं. ती बांधावर बसून पोटभर रडली, मग तिनं तोंड धुतलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी वही वाचली, शिक्का पाहिला, कालुंडेकडून सगळी हकिगत ऐकली आणि पिशवीतून एक नवी कोरी वही काढून तिला दिली. ही माणसांची. पद्धत तीच. पहिली नोंद कालुंडेनं शुक्रवारची केली, ती अशी: ‘वेळ अकरा चाळीस. आवाज आखूड, तुटक, ह-ह-ह असा, दात दिसतात. सुरुवात हुद्द्यानं सर्वांत वरच्या नरानं केली. ऐकून बाकीच्यांनी तोच आवाज काढला. काय झालंय ते बघायला कुणी मान वळवली नाही.’

या नव्या वहीत आता बाहेरच्या नोंदीही घेतल्या जातात आणि त्यात वाचकांचा समावेश करण्याचं ठरलं आहे. वरची हकिगत वाचताना, शेळीपाळाच्या ब्लँकेटापाशी किंवा पाच महिने जिवंत राहिलेल्या म्हाताऱ्यापाशी, आपल्याकडूनही तसा आखूड आवाज झाला असेल. संकोचू नये, वेळ लिहून पाठवावी. आणि तेवढ्या वेळात आपल्या शेतात कोण उतरलं होतं, तेही कळवावं.